तसं नाही, काकू

दुपारी अडीच ही पुण्यात दुसऱ्याच्या दाराची बेल वाजवायची वेळ नव्हे. त्यामुळे त्या शनिवारी मी जरा त्रासूनच दार उघडलं. समोर तिसऱ्या मजल्यावरचा मुलगा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, लिफ्टमध्ये भेटला तर मोबाइलमधून मान वर काढत नाही. आज मान वर होती आणि कान लाल. हातातल्या कापडी पिशवीतून मैद्याचा पुडा डोकावत होता. "काकू, तुमचा ओव्हन दोन तास मिळेल का?" शिडी मागावी, ड्रिल मशीन मागावं, तसा त्याने ओव्हन मागितला. मी म्हटलं, मिळेल, पण तो उचलून नेता यायचा नाही, इथेच वापरावा लागेल आणि त्याच्याबरोबर मीही असेन. तो "चालेल" म्हणाला, पण चालवून घेतल्यासारखा.

बिस्किटं करायची होती. बदामाच्या आकाराची, वर रंगीत आयसिंगची नक्षी. (आमच्या लहानपणी या आकाराला बदामच म्हणायचे, पत्त्यांतला. बाकांवर कर्कटकाने बदाम कोरून त्यात बाण घुसवणारी मुलं वर्गात होती, पण तो बदाम कुणाचा हे त्या बाकाशिवाय कुणालाच कळायचं नाही.) घरी त्याने सांगितलं होतं की कॉलेजात फूड फेस्टिव्हल आहे. मला खरं सांगितलं, कारण मी त्याची आई नाही. "एका मैत्रिणीला द्यायचीत." मी कॅलेंडरकडे पाहिलं. "चौदा तारखेला ना?" तर म्हणाला, "छे, चौदाला सगळेच देतात. मंगळवारी देणारे." मंगळवारी काय आहे? "काहीच नाही." हे उत्तर मला मनापासून आवडलं. बटर-साखर फेसता फेसता, बहुधा मी फारच बघत बसले होते म्हणून, त्याने विचारलं, "काकू, तुम्ही काकांसाठी कधी काही केलंय का?" मी हसले. "अरे, रोज करते की! सकाळी साडेसातला डबा कोण भरतं मग?" त्यावर त्याने हातातलं काम थांबवलं, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी मऊ आवाजात, मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाला, "तसं नाही, काकू."

तेव्हा मी विषय बदलला. पण रात्री ओटा पुसताना ते दोन शब्द परत आले.

त्याच्या बटरची मजाच झाली. फ्रिजमधून काढलेलं दगडासारखं बटर त्याने मायक्रोवेव्हमध्ये फिरवून घेतलं आणि त्याचं पाणी केलं. मग आम्ही दोघं ते पुन्हा थिजायची वाट बघत बसलो. त्याच्याकडे मोबाइलमध्ये सगळं ग्रॅममध्ये होतं: अडीचशे मैदा, सव्वाशे बटर, शंभर पिठीसाखर, व्हॅनिला एक चमचा. बेकिंग पावडर अजिबात नाही. मी म्हटलं, फुलणार कशी? तर म्हणे फुलायलाच नको आहेत. फुलली की पसरतात, पसरली की कडा जातात आणि बदामाचा बटाटा होतो. हे मला ठाऊक नव्हतं. माझा सगळा स्वयंपाक फुगणं, फुलणं, खुसखुशीत होणं यावर चाललेला. कडा टिकाव्यात म्हणून फुलणं सोडून द्यायचं, हा हिशोब नवा होता. पीठ मळून, अर्धा सेंटीमीटर जाड लाटून, बदाम कापून ते पुन्हा अर्धा तास फ्रिजमध्ये. गार बिस्किटं गरम ओव्हनमध्ये गेली की आकार धरून राहतात. मी सोयीसाठी दोन चमचे दुधाऐवजी एक अंडं घालू या म्हटलं तेव्हा तो एकदम घाईने म्हणाला, "नको नको, तिच्याकडे नाही चालत." आणि मग स्वतःच थोडा गप्प झाला. तिच्याकडे काय चालतं आणि काय चालत नाही, हे त्याने आधीच पाठ करून ठेवलं होतं. मला तिचं आडनाव विचारायचं होतं. अगदी जिभेवर होतं. आमच्या पिढीची जीभ तिथेच आधी जाते, काय करणार. नाही विचारलं. पण विचारावंसं वाटलं, हे इथे लिहून ठेवते.

ओव्हनची काच तापून पिवळी झाली, घरभर बटरचा भाजका वास सुटला आणि मी एकदम साताऱ्याला पोचले.

मे महिन्यात, परीक्षा संपल्या की आमच्याकडे बिस्किटांचा घाट असायचा. घरात ओव्हन कुणाकडेच नव्हता. गल्लीच्या टोकाला बेकरी होती आणि बेकरीची भट्टी. पहाटे पाव काढून झाले की दुपारी भट्टीची धग उतरणीला लागायची, आणि त्या उतरत्या धगीवर गावातल्या बायांची बिस्किटं भाजली जायची. मैदा, रवा, पिठीसाखर, डालडा हे सगळं घरून न्यायचं. भाजणावळ किलोवर. आई आणि शेजारच्या दोघी-तिघी परातीभोवती मांडी घालून बसायच्या आणि डालडा-साखर तळहाताने फेसायच्या. फेसायच्या म्हणजे किती, तर बांगड्या कोपरापर्यंत सारून, खांदे भरून येईपर्यंत. वाटीतल्या पाण्यात त्याचा एक थेंब टाकायचा. तरंगला तर झालं, बुडाला तर अजून फेसा. तो थेंब टाकायचा मान आम्हा मुलांचा. मग मैदा, वेलदोडा, जायफळ. काळपट पत्रे, त्यांच्यावर ओळीने मांडलेले पांढरे गोळे, आणि लांब दांड्याच्या लाकडी फळीने ते पत्रे आत सरकवणारा बनियनमधला भट्टीवाला. आमचा पत्रा कुठला, शेजारच्यांचा कुठला, यावर नजर ठेवायला मला दारात बसवलेलं असायचं. भट्टीचं दार उघडलं की तोंडावर जो गरम वारा यायचा त्यात तूप, राख, घाम, जायफळ सगळं असायचं. संध्याकाळी घासलेटच्या, पण घासूनपुसून लख्ख केलेल्या चौकोनी डब्यात बिस्किटं भरून आम्ही घरी यायचो. तो डबा पावसाळ्यापर्यंत पुरवायचा असायचा. पुरायचा नाही.

त्या सगळ्या डालड्याच्या पसाऱ्यात आई एक छोटा गोळा वेगळा मळायची. साजूक तुपाचा. पंचवीस-तीस बिस्किटं होतील एवढाच. बाबांसाठी. भाजल्यावर दोन्ही दिसायला सारखीच, म्हणून ओळखायला खूण हवी. बहुधा पहिल्या वर्षी ती घरून चारोळ्या न्यायला विसरली असणार. तिने अंबाड्यातला आकडा काढला, पदराला पुसला आणि प्रत्येक गोळ्यावर तो हलकेच दाबला. दोन बारीक समांतर रेघा उमटल्या. पुढे दर वर्षी तेच. चारोळ्या असल्या तरी आकडाच. ती आकडा काढायची तेव्हा अंबाडा अर्धा सुटायचा, आणि दुसऱ्या हाताने तो सावरत, ओठात दुसरा आकडा धरून ती रेघा मारायची. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आजही डोळे मिटले की तिच्या मानेवरचा मैद्याचा पांढरा हात दिसतो. बाबांची बिस्किटं बोर्नव्हिटाच्या रिकाम्या डब्यात वेगळी जायची. चार वाजता चहाबरोबर दोन. आम्ही त्यातलं मागितलं तर द्यायचे, पण देताना रेघांच्या मधोमध मोडून अर्धंच द्यायचे.

मी आईला फोन केला. ती आता ब्याऐंशीची आहे, ऐकायला कमी येतं, आठवायला नाही. म्हटलं, ती रेघांची बिस्किटं तू बाबांसाठी का करायचीस? पलीकडून लगेच उत्तर, "डालड्याने त्यांना खोकला व्हायचा." संपलं. दोन दिवस मी मनात जे काही उभं केलं होतं, ते तिने एका वाक्यात आडवं केलं. मी चिकाटीने विचारलं, "पण मग आकड्याच्या रेघा?" "दुसरं काय होतं हाताशी?" बरोबर आहे. मी फोन ठेवणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "एका वर्षी रेघा मारायच्या राहिल्या. तुझ्या मामाचं लग्न होतं, गडबड होती. बिस्किटं साजूक तुपातलीच, मी त्यांना तसं सांगितलं. तरी खाल्ली नाहीत. म्हणाले, ही माझी नव्हेत." मग जरा थांबून म्हणाली, "हट्टीच होते." आणि मग मला माझ्या गुडघ्यांबद्दल विचारलं.

खोकल्याला रेघा लागत नाहीत, एवढं मला कळतं. पण आईशी वाद कोण घालणार.

आमच्याकडे खाण्यावर नाव घालायची पद्धत नाही. भांड्यांवर घालतो, स्टीलच्या वाटीवर, पातेल्यावर, चमच्यावरसुद्धा टिकटिक मशीनने नाव आणि तारीख कोरून घेतो. लग्नात आलेल्या प्रत्येक ताटावर 'सप्रेम भेट' असतं. पण त्या ताटात जे वाढलं जातं त्यावर काही लिहिलेलं नसतं. ते ज्याचं त्याने ओळखायचं. कुणाला साय आवडते, कुणाला खरवड, कुणाच्या आमटीत आमसूल जास्त. याद्या सगळ्या बाईच्या डोक्यात, कागदावर काही नाही. मुलगी शिकायला जर्मनीत गेली तेव्हा पहिल्या सुट्टीत तिने तिथल्या जत्रेतून एक बदामाच्या आकाराचं भलंमोठं बिस्किट आणलं, गळ्यात अडकवायला रिबिनीसकट. मध, लवंग, दालचिनी घातलेलं, कडेने पांढरी आयसिंगची झालर आणि मधे ठसठशीत अक्षरांत 'इश लीबे दिश', म्हणजे 'माझं तुझ्यावर प्रेम आहे'. म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये मुलं ही असली बिस्किटं मुलींच्या गळ्यात घालतात म्हणे, आणि मुली ती दिवसभर तशीच मिरवतात. यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "हे खायचं की टांगायचं?" प्रश्न रास्त होता. पाटासारखं कडक. शेवटी टांगलंच. मुंग्यांनीसुद्धा त्याचा नाद सोडला.

तिच्याच खोलीत राहणारी मुलगी क्रोएशियाची. तिच्या गावाकडच्या बदामांचा फोटो मुलीने पाठवला होता तो मी अजून जपून ठेवलाय. त्यांना लिसितार म्हणतात. मधाच्या पिठाचं बिस्किट भाजून, वाळवून, लालभडक रंगवायचं, वर पांढऱ्या-पिवळ्या साखरेची वेलबुट्टी आणि मधोमध एक छोटा आरसा. कधी आरशाजवळ दोन ओळींचं पद्यही चिकटवलेलं असतं. मुलगा ते मुलीला देतो. ती खात नाही, जपून ठेवते. 2010 साली युनेस्कोने ही उत्तर क्रोएशियातली कला जपण्याजोग्या वारशाच्या यादीत घातली. मला त्यातलं पद्य बघून उखाणाच आठवला. आपल्याकडे एरवी 'अहो'वर भागवायचं आणि चारचौघांत, घास भरवताना, यमकाच्या आडोशाने एकदाच नाव घ्यायचं. म्हणजे नाव घ्यायचं खरं, पण ते 'द्राक्षांच्या वेलीला' वगैरेत असं गुंडाळून की लोकांचं लक्ष यमकाकडे जावं. आरशाची युक्ती मात्र आपल्याला सुचली नाही. त्याच्या बदामात डोकावलं की तिला तिचाच चेहरा दिसतो. हे ज्याला पहिल्यांदा सुचलं असेल तो कारागीर पक्का लबाड असणार.

रविवारी सकाळी सात वाजता मुलगा पुन्हा दारात. बिस्किटं रात्रभरात नीट गार झाली होती, आता आयसिंग. त्याला अंड्याचा पांढरा बलक लागतो, पण तिच्याकडे चालत नाही. मग याने पिशवीतून बरणी काढली, त्यात छोले शिजवलेलं पाणी! मी म्हटलं, अरे, बिस्किटांना उसळीचा वास येईल. त्याने दाखवलं: चार चमचे पाणी, बीटरने पाच-सात मिनिटं, आणि बघता बघता त्या पिवळट पाण्याचा पांढराशुभ्र फेस उभा राहिला. भांडं उलटं केलं तरी पडेना. मी सदतीस वर्षं छोले शिजवतेय आणि हे पाणी सिंकमध्ये ओततेय. 2014 साली एका फ्रेंच गायकाला हे जमलं, असं त्याने मला सांगितलं. गाणारा माणूस छोल्याचं पाणी कशाला घुसळत बसला होता देव जाणे, पण त्याचं भलं होवो. त्यात आयसिंग शुगर घातली की तकतकीत पांढरं आयसिंग तयार. वासही नाही. मग त्याचे दोन भाग: कडेच्या रेघेसाठी घट्ट, आणि मधे भरायला सैल. सैल म्हणजे किती, तर सुरीने त्यावर रेघ ओढायची आणि मोजायचं. दहा म्हणेपर्यंत रेघ मिटली पाहिजे. आधी मिटली तर पातळ, राहिली तर घट्ट. पुन्हा तेच, म्हटलं. आमच्या परातीतला तो थेंब आणि याची ही रेघ.

कोन मी करून दिले. दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक कापून मेंदीचे कोन करायचे हात अजून विसरले नव्हते. आयसिंगचे नोझल वगैरे त्याने मागवले होते, पण माझ्या कोनाची रेघ जास्त बारीक आली, हे मी इथे नम्रपणे नमूद करते. कडेने गुलाबी रेघ घालून आत भरायचं, बुडबुडा आला तर टाचणीने फोडायचा, आणि तास-दोन तास हात लावायचा नाही. तो थरथरत्या हाताने, श्वास धरून, जीभ बाहेर काढून काम करत होता. पहिल्या नीट वाळलेल्या बदामावर त्याने तिचं नाव लिहायला घेतलं. तीन अक्षरं, त्यांत एक जोडाक्षर. "काकू, शिरोरेषा आधी काढू की नंतर?" मी म्हटलं, शाळेत काय शिकवलं होतं? "इंग्लिश मीडियम," तो खाली मान घालून म्हणाला. रेघ आधी काढली. तिसऱ्या अक्षराला जागा पुरली नाही, ते कडेवरून ओघळलं. तरी नाव वाचता येत होतं. चांगलंच वाचता येत होतं. त्याने ते हातात धरून बराच वेळ पाहिलं. मी पाहत होते की आता हा काय करतो. मला वाटलं दुसरं घेईल, पुन्हा लिहील. त्याने ते बिस्किट सरळ तोंडात टाकलं आणि पूर्ण चावून गिळलं.

"फारच डायरेक्ट वाटत होतं," तो म्हणाला. कानाला गुलाबी आयसिंग लागलं होतं.

मग मी त्याला मेंदीचं सांगितलं. नवरीच्या हातावर नवऱ्याचं नाव असंच काढतात, पण वेलीत, कोयरीत, पाकळीत लपवून. ज्याने शोधायचं त्याने शोधावं. त्याला हे फारच पटलं. पुढच्या तासाभरात त्याने पानापानांची एक वेल काढली आणि एका वळणात तिच्या नावाचं पहिलं अक्षर असं बसवलं की मलाही दोनदा बघावं लागलं. अक्षर कुठलं ते इथे लिहीत नाही, तसं त्याला कबूल केलंय. माझ्या हातावरचं नाव, सांगते, यांना सापडलं नव्हतं. लग्नाच्या रात्री मी तळहात पुढे केला तर हे पाच मिनिटं दिव्याखाली धरून बघत होते आणि शेवटी म्हणाले, "चष्मा बदलायला झालाय." मी दाखवलंही नाही. रागावले होते की लाजले होते, आता नक्की सांगता येत नाही. आठ-दहा दिवसांत मेंदी उतरली, नाव गेलं.

पण मग संक्रांत आली. 1997 ची जानेवारी, सदाशिव पेठेतला वाडा, माझी पहिली संक्रांत. काळी चंद्रकळा, आणि सासूबाईंनी स्वतः केलेले हलव्याचे दागिने. विकतचे नव्हेत. त्या पंधरा दिवस आधीपासून, भल्या पहाटे थंडीत, मंद शेगडीवर परात ठेवून खसखशीवर, तिळावर पाकाचा थेंब थेंब सोडत आणि बोटांनी फिरवत काटेरी हलवा करत होत्या. थंडी नसेल तर काटा फुलत नाही. बोटांच्या टोकांना फोड आले होते. मुकुट, हार, बाजूबंद, बांगड्या, मंगळसूत्र सगळं पांढरं. अंगावर चढलं तेव्हा साखरेचे काटे मानेला टोचत होते आणि मी हलले की बारीक चुरा सांडत होता. यांच्या हातात हलव्याचा नारळ. हळदीकुंकवाच्या बायका माजघरात जमल्या होत्या, मला आत न्यायला कुणीतरी येणार होतं, आणि मधल्या अंधाऱ्या बोळात आम्ही दोघं दोन मिनिटं उभे होतो. काही बोललो नाही. यांनी फक्त माझ्या बाजूबंदाला हात लावला, एक दाणा नखाने तोडला आणि तोंडात टाकला. कुडुम असा आवाज झाला. आतून हाक आली, मी गेले. सासूबाईंनी तुटलेला दोरा पाहिला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "उंदीर कुठनं आले गं वाड्यात?" बायका इतक्या हसल्या. मी चंद्रकळेच्या पदरात तोंड लपवलं.

हे मी त्या मुलाला सांगितलं नाही. 'तसं' ते हेच असावं, पण त्यात केलं ते सासूबाईंनी, खाल्लं यांनी. मी नुसती उभी होते.

आयसिंग वाळायला रात्र लागते. दमट हवेत रंग एकमेकांत उतरतात, पण फेब्रुवारीची हवा कोरडी होती, सोमवारी सकाळी बोट लावलं तर काचेसारखं टणक. त्याने बिस्किटं ठेवायला खास खिडकी असलेला पुठ्ठ्याचा खोका आणला होता. त्यात ती आडवी बसेनात, उभी ठेवली तर खळखळ वाजत. बसच्या धक्क्यात चुरा झाला असता. मी फडताळातून माझा पसरट स्टीलचा डबा काढला, तळाला टिश्यू घातला, प्रत्येक थरात बटर पेपर. बारा बिस्किटं अगदी बेताची बसली. मुलगा डबा छातीशी धरून गेला, आणि तो जिना चढून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या डब्याच्या झाकणावर यांचं नाव कोरलंय. पूर्ण. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, खाली 5-12-1996. जे मी आयुष्यात मोजून तीन वेळा उच्चारलं असेल ते नाव आता कुणा मुलीच्या हातात पडणार होतं. फोन करून सांगावं म्हटलं, पण मग म्हटलं जाऊ दे.

मंगळवारी संध्याकाळी तो आला. मी चहा टाकला. काय झालं विचारायचं नाही असं ठरवलं होतं, आणि विचारलंच. म्हणाला, कँटीनमागच्या कट्ट्यावर दिला. तिने आधी झाकण वाचलं. मोठ्याने. "हे कोण?" हा म्हणाला, "खालच्या काकांचं नाव आहे." ती खूप हसली. मग उघडून बघत बसली. एक खाल्लं. वेलीचं नाही, कोपऱ्यातलं साधं. "आणि वेलीचं?" "ते बघितलं. फिरवून फिरवून बघितलं." "सापडलं का मग तिला?" त्याने खांदे उडवले. "काही बोलली नाही. झाकण लावलं आणि डबा बॅगेत ठेवला." हे चांगलं की वाईट, असा त्याचा चेहरा. मला तरी काय माहीत. मी त्याला म्हटलं, चहा घे.

शनिवारच्या पिठातलं थोडं उरलं होतं, त्यातून मी एक बदाम कापून घेतला होता. मुलगा आपल्या वेलीत गुंतलेला असताना त्याच्या नकळत मी त्याच्यावर उरलेलं पांढरं आयसिंग घातलं. नाव नाही, अक्षर नाही. नुसते कडेने ओळीत बारीक ठिपके, कोन टेकवून वर उचलायचा म्हणजे त्याला छोटं टोक येतं, काट्यासारखं. मंगळवारी रात्री जेवण झाल्यावर ते बशीत ठेवून यांच्यापुढे केलं. यांनी पेपर बाजूला केला, चष्मा कपाळावर सारला, बिस्किट जवळ धरलं. मग कडेचा एक ठिपका नखाने अलगद उचलला आणि तोंडात टाकला.

आता हे असे आहेत की शिऱ्यातले काजू आधी वेचून खातात, श्रीखंडावरच्या चारोळ्या वेचतात, उपम्यातली डाळसुद्धा सोडत नाहीत. त्यामुळे त्यावरून काही समजायला मार्ग नाही. "गोड झालंय जरा," म्हणाले आणि उरलेलं अख्खं संपवलं. बशीतला चुरा बोटाने टिपला. मग पेपर पुन्हा उघडला आणि पेपरामागूनच विचारलं,

"माझ्या नावाचा डबा दिसत नाही फडताळात?"

"दिलाय एकाला."

"परत येणारे का?"

"बघू," म्हटलं.